लाकडी रीळ, चार खिळे आणि लोकर

आईच्या शिलाई मशिनचा खण आवरताना अगदी तळाशी ते सापडलं. दोऱ्याचं लाकडी रीळ, माथ्यावर चार खिळे, त्यातला एक गंजून मोडलेला. भोकात बोटभर राणी रंगाची लोकर अजून अडकलेली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही बहिणी ओट्यावर बसून यावर गोफ विणायचो. आजी जाता-येता एवढंच म्हणायची, "हात सैल ठेव गं."

माझ्या भाचीला तसंच रीळ हवं होतं. पण आता दोऱ्याची रिळं प्लॅस्टिकची, खिळा मारला की तडकतात. म्हणून सुताराकडून गोल दांड्याचा दीड इंच लांबीचा तुकडा कापून आणला. जाडी इंचभर आणि मधोमध करंगळी जाईल एवढं आरपार भोक. कडा पॉलिश पेपरने घासून घ्या, नाहीतर लोकर अडकत राहते.

खिळे पाऊण इंची, बारीक डोक्याचे घ्या. रुंद डोक्यावरून लोकर निघता निघत नाही. भोकाभोवती अधिकच्या चिन्हासारख्या चार खुणा करा. आता एक खास गोष्ट, सुतारानेच दाखवलेली: ठोकण्याआधी खिळ्याच्या टोकावर हातोडीचा हलका ठोका मारून ते बोथट करायचं. अणकुचीदार टोक लाकडाचे तंतू पाचरीसारखे फाकवतं आणि एवढासा तुकडा उभा चिरतो. बोथट टोक तंतू चेचत आत जातं. खिळे सेंटिमीटरभर वर राहू द्या.

लोकर स्वेटरची, मध्यम जाडीची. केसाळ लोकर पहिल्या वेळी नको, टाके दिसत नाहीत. फास उचलायला आम्ही मोडक्या छत्रीची काडी वापरायचो. क्रोशाची सुई किंवा केसांचा आकडाही चालतो.

लोकरीचं टोक वरून भोकात सोडा, खाली वीतभर लोंबू द्या आणि डाव्या मुठीत रिळासोबत धरा. मग एकेका खिळ्याला घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एक वेढा द्यायचा, पण पुढच्या खिळ्याकडे जायचं उलट दिशेने. चारही खिळ्यांवर एकेक फास बसला की पहिली फेरी झाली.

दुसऱ्या फेरीपासून वेढा द्यायचा नाही. लोकर पहिल्या खिळ्याच्या बाहेरून, आधीच्या फासाच्या वर, नुसती टेकवून धरा. काडीने खालचा फास उचला, लोकरीवरून आणि खिळ्याच्या डोक्यावरून आत, भोकाच्या बाजूला टाका. टेकवलेली लोकर आपोआप नवा फास होते. पुढचा खिळा, पुन्हा तेच. दर फेरीला वेढा दिला तरी गोफ होतो, पण टाके पिळलेले येतात. मला स्वेटरवर दिसतात तसे सरळ टाके आवडतात. फेरी झाली की खालचं टोक हलकेच ओढायचं. दहा-बारा फेऱ्यांत खालून गोफाचं नाक डोकावतं.

भाचीच्या हातून दोन गोष्टी झाल्या, त्या सगळ्यांच्याच होतात. लोकर इतकी ताणली की फास खिळ्याला आवळून बसला. मी म्हटलं, "हात सैल ठेव गं," आणि आजीचा आवाज ऐकू आल्यासारखं झालं. दुसरं, एक फास सुटून खाली घसरला आणि तिथे शिडी दिसायला लागली. घाबरू नका. भोकात क्रोशाची सुई घालून सुटलेला फास पकडा, शिडीची एकेक पायरी त्यातून ओढत वर आणा आणि खिळ्यावर चढवा.

संपवताना वीतभर लोकर ठेवून कापा, टोक बोथट सुईत ओवून चारही फासांतून न्या, फास खिळ्यांवरून काढा आणि ओढून गाठ मारा. मीटरभर गोफ गोल गुंडाळून त्याच लोकरीने शिवला की पेल्याखाली ठेवायला चकती होते, साधारण दहा सेंटिमीटरची. शिवताना ओढू नका, ओढलं की वाटीसारखी वर उचलते.

भाचीचा गोफ तीन हातांच्या वर गेलाय. संपव म्हटलं तर ऐकत नाही. "मावशी, दाराच्या कडीपासून खिडकीपर्यंत पुरू दे आधी," म्हणते. रात्री रीळ गोफासकट बिस्किटाच्या डब्यात जातं, फास खिळ्यांवर तसेच ठेवून. जुन्या रिळाला मी चौथा खिळा मारून घेतलाय.