स्पॅनिश वसाहतींची सोन्याची नाणी घेताना या चुका टाळा

एस्कुदो म्हणजे स्पेनचं सोन्याचं चलन. आठ एस्कुदोचं नाणं भरतं 27.07 ग्रॅम, चारचं 13.5, दोनचं 6.77, एकाचं 3.38. हे आकडे तोंडपाठ नसताना भाव विचारणं ही पहिली चूक. ‘कॉब’ म्हणजे हातोड्याने ठोकलेली नाणी दिसायला ओबडधोबड असतात, पण टांकसाळीत कडा कातरून त्यांचं वजन जुळवलेलं असे. आठ एस्कुदोचं कॉब 25 ग्रॅम भरलं, तर सोनं नंतर कुणीतरी कापलंय किंवा नाणंच बनावट आहे.

कसाबाबत गोंधळ जास्त होतो. 1772 पर्यंत सोनं 22 कॅरेट होतं. त्या वर्षी स्पेनने कस उतरवला आणि 1786 मध्ये गुपचूप आणखी खाली, 21 कॅरेटवर आणला. त्यामुळे 1795 चं नाणं सोनाराच्या यंत्रावर 21 दाखवतं म्हणून परत करू नका. बरोबर 22 दाखवलं, तर मात्र शंका घ्या.

यंत्र नसेल तर 0.01 ग्रॅमचा काटा घ्या. त्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा आणि नाणं दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवा, तळाला टेकू देऊ नका. आठ एस्कुदोला आकडा साधारण 1.5 ते 1.6 येतो. मुलामा दिलेलं पितळ असेल तर 3 च्या वर जातो. 1.26 च्या आसपास आला तर आत प्लॅटिनम असू शकतं. एकोणिसाव्या शतकात तो धातू स्वस्त होता आणि त्यावर मुलामा देऊन खोटी नाणी खरोखरच पाडली गेली.

‘बुडालेल्या जहाजातलं’ या शब्दांना भुलू नका. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर खजिना नेणाऱ्या स्पॅनिश जहाजांचा ताफा बुडाला 31 जुलै 1715 रोजी, तेव्हा 1720 चं नाणं त्यातलं असूच शकत नाही. मेक्सिकोत यंत्राने सोन्याची नाणी पडू लागली ती 1732 पासून. त्यामुळे यंत्राने कडेला नक्षी पाडलेलं तिथलं नाणंही त्या ताफ्यातलं नव्हे. खाऱ्या पाण्याने चांदी खाल्ली जाते, सोनं नाही. भिंगाखाली बारीक खड्डे आणि बोथट अक्षरं दिसली, तर ते समुद्राचं काम नव्हे, साच्याचं. दोन कॉब एकसारखी कधीच निघत नाहीत. एकाच जागी तीच भेग असलेली जोडी दिसली की दोन्ही ओतीव समजा.

पेंडंट केलेली नाणी बरीच फिरतात. वरच्या कडेला डाख दिल्याचा डाग बघा, तिथलं सोनं फिकट दिसतं. असं नाणं जवळपास सोन्याच्याच भावात घ्यावं. आणि पॉलिश? अजिबात नको.

भारतात आणायचं असेल तर आधी विचार करा. शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं; पुढे परदेशी लिलावात विकायला ते बाहेर नेता येत नाही.