मंडळीच्या भजनाला साथ: पट्टी, ठेका आणि पावसाळ्यातली पेटी

चर्चमधले भजन सगळ्यांनी मिळून म्हणायचे असते. म्हणून पेटीवाल्याने, तबलजीने आणि पुढे सांगणाऱ्याने आधी एकच प्रश्न विचारावा: शेवटच्या बाकावरच्या आजींना हे गाता येईल का? बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात उपासनेला मराठी, कानडी आणि कोकणी बोलणारी माणसे एकत्र बसतात. पेटी चांगली वाजते, गायकही चांगला असतो, तरी मंडळी गप्प राहते. बहुतेक वेळा कारण पट्टीत, म्हणजे गाण्याचा षड्ज (सा) पेटीच्या कोणत्या सुरावर धरला त्यात, सापडते.

पट्टी कशी ठरवावी

गायकाच्या गळ्याला सोयीची पट्टी मंडळीला सोयीची असेलच असे नाही. पेटीच्या सप्तकातल्या पांढऱ्या पट्ट्या एक ते सात आणि काळ्या एक ते पाच अशा मोजतात. सरावलेला पुरुष काळी एक किंवा काळी दोनमध्ये तार गंधारापर्यंत (वरच्या सप्तकातल्या ‘ग’पर्यंत) सहज जातो, आणि त्याच पट्टीत बाकीचे निम्मे लोक अंतऱ्याला तोंड मिटतात. मंडळीत बायका आणि पुरुष एका सप्तकाच्या अंतराने एकच चाल गातात, त्यामुळे दोघांची वरची हद्द पेटीच्या जवळजवळ एकाच पट्टीच्या नावावर येते. ती हद्द पांढरी दोन धरावी. खाली पांढरी सहापर्यंत बहुतेकांचा आवाज पोचतो.

आता चालीतला सर्वांत वरचा सूर शोधा आणि तो पांढरी दोनच्या वर जाणार नाही असा षड्ज ठेवा. चाल तार षड्जापर्यंतच जात असेल तर पांढरी एक, काळी एक किंवा फार तर पांढरी दोन चालते. तार गंधार लागत असेल तर षड्ज काळी पाचवर आणावा. मग गंधार बरोबर पांढरी दोनवर पडतो. मंद्र पंचमापासून (खालच्या सप्तकातल्या ‘प’पासून) तार गंधारापर्यंत पसरलेली चाल कोणत्याही पट्टीत सगळ्यांना झेपत नाही. तिथे वरची ओळ एकट्याने म्हणावी आणि ध्रुवपद मंडळीला द्यावे. सकाळी सातच्या उपासनेला हीच पट्टी आणखी अर्धा सूर खाली घ्यावी, कारण झोपेतून उठलेला गळा तासाभरात मोकळा होत नाही.

यासाठी पेटीवाल्याला चार पट्ट्या हाताखाली हव्यात: काळी पाच, पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन. एकच सोपी चाल रोज या चार पट्ट्यांतून वाजवावी. स्केल चेंजर पेटी घेऊन हा सराव टाळावा असे अनेकांना वाटते. आमचे मत वेगळे आहे. सरकणाऱ्या पट्ट्यांची यंत्रणा दमट हवेत अडकते, दुरुस्ती महाग पडते, आणि बोटे मात्र एकाच पट्टीची गुलाम राहतात.

सुरुवात देताना पूर्ण कडवे वाजवू नये. ध्रुवपदाची शेवटची ओळ वाजवावी, षड्ज दोन मात्रा धरावा आणि मग सगळ्यांना घ्यावे. गाणे चालू असताना ओळीच्या शेवटी बोटे उचलावीत. तेवढ्या रिकाम्या जागेत मंडळी श्वास घेते आणि पुढची ओळ एकदम उचलते. सूर सलग लांबवत ठेवला तर प्रत्येक जण आपापल्या वेळी श्वास घेतो आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत गाणे विस्कटते.

अभंगाचा साचा

मराठी ख्रिस्ती भजनाचा पाया नारायण वामन टिळकांच्या (1861–1919) काळापासून अभंग-ओवीच्या साच्यावर उभा आहे. वारकरी कीर्तन ऐकत वाढलेल्या आपल्या भागातल्या कानांना तो परका वाटत नाही. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरे असतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक जुळते. नमुन्यासाठी रचलेले हे कडवे पाहा:

मेंढपाळ माझा / नेई कुरणात / धरूनिया हात / दिनराती

आठ मात्रांच्या ठेक्यात प्रत्येक चरण एक आवर्तन (ठेक्याची एक पूर्ण फेरी) घेतो. सहा अक्षरांच्या चरणात पहिली चार अक्षरे एकेक मात्रेची आणि शेवटची दोन दोन-दोन मात्रांची: में ढ पा ळ मा ऽ झा ऽ. चार अक्षरांच्या चरणात प्रत्येक अक्षराला दोन मात्रा: दि ऽ न ऽ रा ऽ ती ऽ. चार आवर्तनांत, 32 मात्रांत कडवे पुरे होते. लहान अभंगात आठ-आठ अक्षरे असतात, तिथे अक्षराला एक मात्रा द्यावी.

मंडळीत कोणी नवे भजन लिहून आणले की चाल लावण्याआधी अक्षरे मोजावीत. सहाच्या जागी सात अक्षरे असली की मंडळी प्रत्येक वेळी तिथेच अडखळते आणि दोष तबलजीवर येतो. जोडाक्षर एकच अक्षर धरायचे. ‘ख्रिस्त’ म्हणजे दोन अक्षरे. शब्द आधी सगळ्यांनी मोठ्याने वाचावेत, शास्त्रातला कोणता उतारा त्यामागे आहे तो सांगावा, आणि मगच चाल शिकवावी. अर्थ समजलेला माणूस चुकीच्या जागी श्वास घेत नाही.

इंग्रजी चालींची साथ

इथे सर्वांत जास्त घोटाळा समेचा, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या जोरदार मात्रेचा, होतो. मिशनऱ्यांबरोबर आलेल्या कितीतरी चाली दुबळ्या मात्रेवर सुरू होतात. पहिले अक्षर समेच्या आधी येते आणि जोर दुसऱ्या अक्षरावर पडतो. तबलजी सवयीने पहिल्याच अक्षराला ‘धा’ देतो आणि सगळे गाणे एक मात्रा सरकते. उपाय सोपा आहे. पहिल्या अक्षराला तबला गप्प ठेवावा. चारच्या चालीला केरवा (धा गे ना ती न क धि न) धरला तर ते अक्षर आठव्या मात्रेवर म्हणावे. तीनच्या चालीला दादरा (धा धि ना धा ति ना) धरला तर सहाव्या मात्रेवर. ठेका सुरू करण्याआधी सगळ्यांनी टाळी देत दोन ओळी म्हणाव्यात, म्हणजे जोर कुठे आहे ते हाताला कळते.

अशा चालींत ओळीच्या शेवटचा सूर बहुधा तीन मात्रा लांब असतो. गावाकडच्या मंडळीत तो कुठे दीड मात्रेत तुटतो, कुठे पाच मात्रा लांबतो. सरावात त्या मात्रा बोटांवर मोजून घ्याव्यात.

कानडी शब्द देवनागरीत लिहिताना

द्विभाषिक उपासनेत कानडी कडवे देवनागरीत लिहून वाटले जाते. कानडीत ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’ वेगळे असतात, तसेच ‘ओ’ही, रोजच्या देवनागरीत हा फरक दिसत नाही. ‘येसु’मधला ए दीर्घ आहे, पण ‘ओडेय’मधला ओ आणि ए दोन्ही ऱ्हस्व. मराठी माणूस दोन्हीकडे दीर्घच म्हणतो आणि मात्रा बिघडतात. दीर्घ अक्षराखाली पेन्सिलीने आडवी रेघ द्यावी. उलट बाजूने, कानडी माध्यमात शिकलेल्या मुलांना ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतला झ वेगळा उच्चारायचा हे मुद्दाम ऐकवून शिकवावे लागते. डोळ्यांना तो एकच दिसतो.

पेटी घेताना

मंडळीसाठी साडेतीन सप्तकांची, दोन ओळींची, खर्ज-नर सुरांची (सूर म्हणजे आवाज देणाऱ्या पितळी जिभा, एक ओळ खर्जाची आणि एक मधल्या आवाजाची) पेटी पुरते. जुनी घेत असाल तर सगळे बोर्ड (सुरांकडे हवा सोडणारे पुढचे खुंटे) बंद करून भाता पूर्ण भरावा आणि हात सोडावा. हवा लगेच बसत असेल तर भात्याला किंवा जोडांना गळती आहे. मग बोर्ड उघडून, एकही पट्टी न दाबता भाता मारावा. बारीक सूर किंवा फुसफुस ऐकू आली तर पट्टीखालचे चामडे नीट बसत नाही. शेवटी प्रत्येक पट्टी आधी हळू आणि मग जोरात वाजवावी. हलक्या हवेला न बोलणारा सूर पुढे त्रास देतो.

बेळगावला पेटीची मोठी परंपरा आहे. रामभाऊ विजापुरे (1917–2010) यांच्यासारखा वादक या शहरात राहिला आणि शिकवत राहिला. त्यामुळे चांगली पेटी ओळखणारे कान इथे मिळतात. घेण्याआधी अशा एखाद्या जाणकाराला सोबत न्यावे. तंबोरा हवा असेल किंवा दुरुस्त करायचा असेल तर मिरज जवळच आहे.

पावसाळा

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे जून ते सप्टेंबर पेटी सर्वांत जास्त बिघडते. लाकूड हवेतले पाणी ओढते, पट्ट्या फुगून एकमेकींना घासतात, पितळी सुरांवर मळ चढतो आणि चामडे मऊ पडते. चर्च आठवडाभर बंद असते आणि पेटी रविवारी एकदाच उघडते. बंद पेटीतली ओल बाहेर पडत नाही, म्हणून आठवड्यातून निदान तीनदा दहा मिनिटे वाजवावी. ज्याच्याकडे किल्ली असते त्याच्यावर हे काम सोपवावे.

पेटी जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवू नये. फूटभर उंच लाकडी बाकावर ठेवावी. आच्छादन सुती असावे, प्लास्टिकमध्ये आतल्या आत घाम सुटतो. आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, आणि त्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर सुकवून परत वापराव्यात. चामडे आणि बनात (आतले लोकरी कापड) खाणाऱ्या किड्यांसाठी डांबरगोळ्या कापडात बांधून कोपऱ्यात ठेवाव्यात, सुरांना लागू देऊ नयेत. उंदीर भाता कुरतडतात, म्हणून प्रसाद किंवा केकचा डबा त्याच कपाटात कधीही नको.

काही बिघाड घरच्या घरी निघतात. पट्टी सोडली तरी सूर चालूच राहिला तर वरची जाळी काढावी, पट्टी अलगद उचलून खालची धूळ फुंकावी आणि चामड्याखालून कोऱ्या कागदाची पट्टी एकदा ओढून घ्यावी. तरीही थांबला नाही तर स्प्रिंग ढिली झाली आहे. एखादा सूर अजिबात बोलत नसेल तर पितळी जिभेखाली कण अडकलेला असतो. पातळ कागद सरकवून तो काढावा. सुरी, ब्लेड, सुई वापरू नये. जिभेच्या टोकाला घासले की सूर चढतो आणि मुळाशी घासले की उतरतो, आणि काढलेले पितळ परत लावता येत नाही. सूर मिळवण्याचे काम कारागिरालाच द्यावे, तेही पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीस. ओल्या हवेत मिळवलेली पेटी नाताळच्या कोरड्या थंडीत पुन्हा हलते.

तबल्याची पुडी (वरचे चामडे) दमट हवेत उतरते. उन्हात ठेवून ती चढवू नये, शाईला भेगा पडतात. आधी गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) खाली ठोकावेत, मग गजऱ्यावर (पुडीच्या विणलेल्या कडेवर) हातोडीने समोरासमोरची घरे मिळवावीत. षड्ज काळी पाच असला आणि चालीत शुद्ध मध्यम ठळक असला, तर लहान तोंडाचा तबला मध्यमाला, म्हणजे काळी दोनला मिळवणे सोयीचे जाते.

वर्षाचा क्रम आणि वय

आगमनकाळाचे चार रविवार नाताळच्या गाण्यांच्या सरावाचे असतात, पण उपासनेत ती गाणी आधीच गाऊन टाकू नयेत. कॅथलिक चर्चमध्ये उपवासकाळात वाद्ये फक्त गाण्याला आधार देण्यापुरती वाजतात. चौथा रविवार आणि मोठे सण यांना सूट आहे. पवित्र गुरुवारच्या ‘ग्लोरिया’ या स्तुतिगीतानंतर पास्काच्या (ईस्टरच्या) रात्रीच्या ‘ग्लोरिया’पर्यंतही हाच नियम असतो. आधारापुरती पेटी चालत असली, तरी शुभ शुक्रवारची गाणी पेटीशिवाय बसवावीत. पट्टी विसरू नये यासाठी पुढे सांगणाऱ्याने मोबाइलवरचा तंबोरा कानाला लावून षड्ज घ्यावा. पेटीशिवाय मंडळी हळूहळू खाली सरकते, तेव्हा अर्धा सूर वर सुरू केले तरी चालते.

आवाज बदलण्याच्या वयातल्या, साधारण 12 ते 15 वर्षांच्या मुलांना वरच्या सुरांसाठी ताण देऊ नये. त्यांना झांज, डग्गा किंवा पेटी द्यावी. या वयात गप्प बसवलेला मुलगा गायनवृंदात परत येत नाही. साठीनंतर वरचे सूर जातात, पण शब्द आणि चाली पाठ असतात. अशांना कडवे सुरू करून द्यायला आणि जुन्या चाली मुलांना शिकवायला बसवावे. प्रत्येकासाठी रोज वीस मिनिटे पुरतात: पाच मिनिटे तंबोऱ्याबरोबर खर्ज (खालचे सूर), पाच मिनिटे अलंकार (स्वरांच्या ठरावीक ओळी), दहा मिनिटे येत्या रविवारचे एकच गीत.

प्रत्येक गीताला वहीत एक पान द्यावे: पट्टी, ठेका, सम कोणत्या अक्षरावर, वरचा सूर, शास्त्रातला उतारा, कोणत्या रविवारी गायले. वही चर्चच्या कपाटात राहावी आणि पेटीवाला बदलला तरी तीच पुढे चालवावी.