टाऊनं डीएनएची कॉपी खरंच अडवली का? माझी पडताळणीची पद्धत

टाऊ म्हटलं की अल्झायमर आठवतो. पण मज्जापेशींत मायक्रोट्युब्यूल (पेशीच्या सांगाड्याच्या नळ्या) सांभाळणारं हे प्रथिन डीएनएलाही चिकटतं. माणसाच्या मेंदूतल्या त्याच्या सर्वांत लांब रूपात ४४१ अमिनो आम्लं, त्यात लायसीन भरपूर, म्हणून मधला पट्टा धनभारित, डीएनए ऋणभारित. ओढ मुख्यतः तिथली.

आधी टाऊ डीएनएला खरंच धरतं का ते पाहायचं, मग कॉपी अडते का ते. डीएनए छोटाच घ्या. मी ६० बेसची साखळी घेते आणि तिच्या टोकाला चमकणारा रंग लावलेला २० बेसचा प्रायमर (कॉपी जिथून सुरू होते तो तुकडा) जोडते. सगळ्या ट्यूबांत डीएनए सारखा, टाऊ मात्र चढत्या मात्रेत. अर्धा तास ठेवून ६ टक्के पॉलीअॅक्रिलामाइड जेलवर (विजेच्या ओढीनं रेणू वेगळे करणाऱ्या थरावर) थंडीत, कमी व्होल्टेजवर चालवा. लोडिंग डायमध्ये एसडीएस (प्रथिनं उलगडवणारा साबण) नको, नाहीतर पकड तिथंच सुटते. टाऊ वाढेल तसा बँड (जेलवरची डीएनएची चमकती रेघ) वर अडकत जाईल. शेजारी एका ट्यूबमध्ये टाऊऐवजी बीएसए (डीएनएला न चिकटणारं गायीचं प्रथिन) असू द्या. त्यानं बँड हलला, तर गडबड तुमच्याकडे आहे. आणखी एका ट्यूबमध्ये मीठ ३०० मिलिमोलर करा. पकड भाराची असेल तर ढिली पडेल.

आता कॉपी. डीएनए तोच, त्यात कॉपी करणारं क्लेनो एन्झाइम, डीएनटीपी (नव्या साखळीचा कच्चा माल) आणि एन्झाइमला लागणारं मॅग्नेशियम. ३७ अंशांवर ठेवा. फॉर्मामाइड आणि ईडीटीए (मॅग्नेशियम पकडून ठेवणारं रसायन) घालून थांबवा, ९५ अंशांवर तापवा आणि युरिया जेलवर (त्यात साखळ्या सुट्या राहतात) पाहा: २० चा बँड ६० पर्यंत पोचला का?

पहिल्यांदा माझ्या जेलवर ६० चा बँड पार गायब होता. मी खुशीत सगळ्यांना दाखवत सुटले. नंतर टाऊ वगळून नुसता त्याचा बफर (टाऊ ज्यात विरघळवलेलं असतं ते द्रावण) घातला, तरी बँड नाहीच! त्या बफरमध्ये ५ मिलिमोलर ईडीटीए होतं आणि मी अर्धी ट्यूब त्यानंच भरली होती. मॅग्नेशियम गिळलं जाऊन एन्झाइम उपाशी. तीन आठवडे गेले. तेव्हापासून प्रथिन आधी डायलिसिस करून (पातळ पडद्यातून बफर बदलून) घेते आणि 'फक्त बफर'ची ट्यूब सर्वांत पहिली लावते.

ती ट्यूब नीट आली, तरी टाऊ डीएनएवर बसलंय की एन्झाइमलाच छळतंय, हा प्रश्न उरतोच. इथं मिठाची युक्ती चालत नाही, क्लेनोही बिचकतं. मी बिनप्रायमरचा, बिनरंगाचा डीएनए जास्तीचा टाकते. टाऊ तिकडे वळलं आणि ६० चा बँड परतला, तर अडथळा डीएनएवरच होता असं मी धरते. मात्र हाच जास्तीचा डीएनए टाऊशिवायच्या ट्यूबमध्येही घाला, कारण तो क्लेनोलाही भुलवतो.