अमेरिकेत बॉन्ड्समनकडून बेल भरायची वेळ आली तर आधी काय बघायचं

रात्री दीड वाजता अनोळखी नंबर. उचलला तर रेकॉर्डेड बाईचा आवाज, काउंटी (म्हणजे जिल्हा) जेलमधून कॉल आहे, घ्यायचा असेल तर अमुक बटण दाबा. दाबलं. पलीकडून बायकोचा मावसभाऊ, "भावोजी, ताईला एवढ्यात सांगू नका."

कॅलिफोर्निया, शुक्रवारची रात्र, रूममेटशी भांडी घासण्यावरून भांडण, आणि रागाच्या भरात याने प्रेशर कुकरचं झाकण फेकलं. लागलं कुणालाच नाही पण शेजाऱ्यांनी ९११ लावला आणि कागदावर चार्ज आला घातक हत्याराने हल्ल्याचा, म्हणजे फेलनी, गंभीर गुन्हा. बेल, म्हणजे जामिनाची रक्कम, ३०,००० डॉलर. पहाटे तीनच्या आत मी बॉन्ड्समनला ३,००० डॉलर देऊन सही करून मोकळा झालेलो होतो. आज तीच वेळ आली तर मी बऱ्याच गोष्टी वेगळ्या करेन, म्हणून हे लिहितोय. मी वकील नाही, राज्याराज्यात नियम बदलतात, तेवढं धरून वाचा.

आधी हा प्रकार काय आहे ते

आपल्याकडे जामीनदार म्हणजे सातबारा नाहीतर पगाराची स्लिप घेऊन कोर्टात उभा राहणारा काका किंवा मित्र, तो पैसे घेत नाही (घेऊ नयेत असं तरी आहे). इथे हाच रीतसर धंदा आहे. कोर्टाला पूर्ण ३०,००० ची हमी बॉन्ड्समन देतो, त्याच्यामागे इन्शुरन्स कंपनी असते, आणि त्या हमीची फी म्हणून तो तुमच्याकडून साधारण १० टक्के घेतो. त्याला प्रीमियम म्हणतात. डिपॉझिट नव्हे! ही एकच गोष्ट डोक्यात पक्की बसवा, ते पैसे परत येत नाहीत. माणूस निर्दोष सुटला तरी नाही, केस उभीच राहिली नाही तरी नाही.

सगळीकडे हे चालतही नाही. इलिनॉय, केंटकी, ओरेगन आणि विस्कॉन्सिनमध्ये बॉन्ड्समनचा धंदाच बंद आहे, इलिनॉयने तर सप्टेंबर २०२३ पासून पैसे भरून सुटायची पद्धतच काढून टाकली. न्यू जर्सीत २०१७ पासून पैशांची बेल जवळजवळ नाहीच. एडिसनमधल्या मित्राला विचाराल तर तो म्हणेल अरे काही भरावं लागत नाही, आणि त्याच्या राज्यापुरतं ते बरोबरच असतं.

फोनवर असताना

जेलचे कॉल रेकॉर्ड होतात. मराठीत बोललात म्हणून सुटका नाही, भाषांतर करून घेता येतं. त्यामुळे "नक्की काय झालं रे" हे विचारूच नका, मी विचारलं आणि त्याने सगळं सांगितलं, झाकणासकट. फक्त एवढंच घ्या: कुठलं जेल, बुकिंग नंबर (अटकेच्या नोंदीचा), चार्ज काय, बेल किती, पुढची कोर्ट डेट दिलीय का.

मग शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीस प्रमुखाच्या, वेबसाइटवर त्याचं नाव शोधा. इथे आपल्या नावांची फार गंमत होते, पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, ते कधी पहिल्या नावाला चिकटतं, कधी आडनावाच्या जागी जातं. मला वीस मिनिटं सापडेना, शेवटी वडिलांचं नाव आडनाव म्हणून टाकलं तेव्हा दिसला. ही पडताळणी सोडू नका, कारण नातेवाइकाचा आवाज काढून "मी जेलमध्ये आहे, बेलचे पैसे पाठव" असे फ्रॉड कॉलही येतात, आणि कुणी गिफ्ट कार्डवर किंवा घरी माणूस पाठवून कॅश मागितली तर तो फ्रॉडच.

लगेच पैसे भरायचेच आहेत का

मी चुकलो ते इथे. कॅलिफोर्नियात अटक झालेल्याला ४८ तासांत जजसमोर उभं करायचं असतं, पण कोर्ट बंद असलेले दिवस त्यात धरत नाहीत. आमचा शुक्रवार रात्रीचा, सोमवारी सुट्टी, म्हणजे लवकरात लवकर मंगळवार. जजसमोर गेल्यावर बेल कमी होऊ शकते, किंवा ओआरवर, म्हणजे नुसत्या लेखी वचनावर, फुकट सोडू शकतात. पहिलाच गुन्हा, नोकरी आहे, पत्ता आहे अशा माणसाला तो चान्स चांगला असतो. शिवाय वकील त्याआधीही मॅजिस्ट्रेटकडे बेल कमी करायची किंवा ओआरची विनंती करू शकतो, हे मला नंतर कळलं. लॉस एंजेलिस काउंटीत ऑक्टोबर २०२३ पासून बऱ्याच अहिंसक गुन्ह्यांत जजसमोर जायच्या आधीच पैसे न घेता सोडतात.

म्हणजे हिशोब असा, एका बाजूला निदान तीन रात्री जेल, नोकरीवर काय सांगायचं, औषधं चालू आहेत का, आणि दुसऱ्या बाजूला अडीच लाख रुपयांच्या वर जाणारी रक्कम जी कधीच परत येणार नाही. उत्तर प्रत्येकाचं वेगळं. पण आधी अर्धा तास क्रिमिनल वकिलाशी बोला, बरेच जण रात्रीही फोन उचलतात.

दुसरा रस्ता म्हणजे पूर्ण रक्कम स्वतः कोर्टात किंवा जेलमध्ये भरायची. तो सगळ्या तारखांना हजर राहिला तर केस संपल्यावर परत मिळते, काही ठिकाणी थोडी फी किंवा दंड कापून, आणि चेक यायला काही आठवडे जातात. बेल ५,००० असेल आणि खात्यात पडलेले असतील तर ५०० फुकट का घालवायचे? मित्रांनी मिळून भरली तर ज्याच्या नावाने पावती त्यालाच परत जाते, ते आधी ठरवा.

व्हिसावर असेल तर थांबा

एच-१बी, एफ-१, अगदी ग्रीन कार्ड असलं तरी इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय प्रीमियम भरू नका. त्याच्यावर आइसचा (अमेरिकेचं इमिग्रेशन कारवाई खातं) डिटेनर, म्हणजे सोडताना आमच्या ताब्यात द्या असा कागद, लागला असेल तर तुम्ही बेल भरता, जेल त्याला सोडतं, आणि तो घरी येण्याऐवजी आइसच्या ताब्यात जाऊ शकतो. प्रीमियम गेला तो गेला. तिकडचा इमिग्रेशन बॉन्ड वेगळा, तो कमीत कमी १,५०० डॉलरचा, आणि त्यावर बॉन्ड कंपन्यांची फी १० टक्क्यांपेक्षा जास्तच असते. भारतीय कॉन्सुलेटला कळवा असं तो पोलिसांना सांगू शकतो, तो त्याचा हक्क आहे, पण कॉन्सुलेट बेल भरेल ही आशा ठेवू नका.

बॉन्ड्समनशी बोलताना

लायसन्स नंबर मागा आणि तपासा. कॅलिफोर्नियात लायसन्स राज्याचं इन्शुरन्स खातं देतं, टेक्सासमधल्या मोठ्या काउंट्यांत बेल बॉन्ड बोर्ड. दर विचारा. कॅलिफोर्नियात १० टक्के, वकील लावलेला असेल तर काही जण ८ टक्क्यांत करतात, मी विचारलंच नाही. न्यूयॉर्कमध्ये पायऱ्या आहेत, पहिल्या ३,००० वर १० टक्के, पुढच्या ७,००० वर ८ आणि त्याच्या वर ६. "फक्त १ टक्का भरा आणि घेऊन जा" अशी जाहिरात दिसली तर उरलेले ९ टक्के माफ नसतात, हप्ते असतात.

मग येतो कागद, आणि खरी भानगड त्यात आहे. सही करणारा को-सायनर म्हणजे तुम्ही. सोडवलेला माणूस तारखेला गेला नाही आणि ठरलेल्या मुदतीत सापडलाही नाही तर बेल जप्त होते आणि पूर्ण ३०,००० तुमच्याकडून वसूल होतात, वर शोधायचा खर्च. कॅलिफोर्नियात ती मुदत सहाएक महिने असते. आणि शोधायला माणसं येतात हे सिनेमातलं नाही, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १८७२ सालीच बॉन्ड्समनला पळालेल्या माणसाला पकडायचे मोठे अधिकार मान्य केलेत, आता काही राज्यांनी त्याला लगाम घातलाय एवढंच. माझ्यासमोर टॅबलेट धरला होता, बोटाने खाली खाली ढकलत "इथे सही, इथे इनिशियल", नऊ ठिकाणी. पीडीएफ मागा, वाचा, मागे रांग नसते. घरावर लिएन (बोजा) लिहून घेतायत का, केस वर्षापेक्षा लांबली तर परत प्रीमियम आहे का, पत्ता बदलला किंवा दर आठवड्याला फोन केला नाही तर ते त्याला परत आत टाकू शकतात का, हे बघा. दिवाळीला पुण्याला जायचं तिकीट काढलं असेल तर कोर्टाची परवानगी लागेल का आणि बॉन्डच्या कागदात काय लिहिलंय ते आधीच विचारा, काही वेळा कोर्ट पासपोर्टही जमा करायला सांगतं.

सुटताना आणि नंतर

पैसे भरले की तासाभरात बाहेर येईल असं मला वाटलं होतं. पहाटे तीनला भरले, तो आला सकाळी दहाला, हातात ब्राऊन पेपरची पिशवी, बुटांना लेस नाहीत, फोन डेड. चार्जर, जॅकेट आणि काहीतरी खायला घेऊन जा. घरगुती भांडणाची केस असेल तर कोर्टाचा ऑर्डर लागून त्याच घरी जायला बंदी असू शकते, झोपायची सोय आधी बघा, आमचा दीड महिना आमच्याच हॉलमध्ये होता.

कोर्ट डेट तुमच्याही फोनमध्ये टाका, त्याच्या भरवशावर राहू नका, आणि आदल्या दिवशी वेबसाइटवर परत बघा, तारखा सरकतात.

आम्ही त्या तारखेला टाय बिय लावून गेलो तर क्लार्क म्हणाली डीएने (सरकारी वकिलाने) चार्ज फाइलच केलेला नाही, घरी जा. आनंद झाला, मग ३,००० आठवले. केस अशी संपली की बॉन्ड सुटल्याचा, म्हणजे एक्झोनरेट झाल्याचा कागद बॉन्ड्समनकडून लेखी घ्या, कोलॅटरल, म्हणजे तारण, दिलं असेल तर ते परत मागा, लिएन उतरवल्याची नोंद बघा. जेलने जमा केलेल्या वस्तूंची पावती असते, त्या घ्यायला मुदत असते, तेही विसरू नका. आमचं कुकरचं झाकण अजून पोलिसांच्या एव्हिडन्स रूममध्येच असणार, आणायला जायला कुणी तयार नाही.