सातपुड्याचं जंगल संगणकात वाढवायचं, तर आकडे कुठून आणायचे?

जंगलवाढीचं सिम्युलेशन लिहिणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. पायथन किंवा आर यांपैकी एखादी प्रोग्रामिंगची भाषा येत असेल तर आठवडाभराचं काम, नाहीतर स्प्रेडशीटमध्येही छोटं जंगल उभं राहतं. गाडी अडते ती पॅरामीटरपाशी. साग किती उंच जातो, अंजन किती वर्षं जगतो, सालईला किती कोरड सोसते, हे संगणकाला आपण सांगायचं असतं. न सांगता प्रोग्राममधले आयते आकडे तसेच ठेवले, तर यावल किंवा तोरणमाळच्या नावाखाली भलत्याच मुलखातलं जंगल उगवतं.

सुरुवातीला जाबोवा पद्धतीचं मॉडेल घ्या. बॉटकिन, जनक आणि वॉलिस या तिघांनी ते 1972 साली प्रसिद्ध केलं आणि जनक-बॉटकिन-वॉलिस या आडनावांच्या आद्याक्षरांतून नाव झालं जाबोवा. ते बेतलं होतं अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरच्या हबर्ड ब्रुक इथल्या बर्फाळ जंगलावर. त्याच वर्षी इकडे महाराष्ट्र दुष्काळात होरपळत होता. हे दोन्ही लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मॉडेलची कल्पना साधी आहे. दहा मीटर बाय दहा मीटरचा तुकडा घ्यायचा आणि त्यातलं प्रत्येक झाड दरवर्षी किती जाड झालं, मेलं की जगलं, नवं उगवलं का, याचा हिशेब ठेवायचा. असे शे-दोनशे तुकडे मिळून एक जंगल. आपल्याकडे एवढा लहान तुकडा चालून जातो, कारण खानदेश कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. मेच्या शेवटी आणि जुलैच्या मध्याला इथे शून्य सावलीचा दिवस येतो. म्हणजे झाडं वाढतात त्या दिवसांत दुपारची सावली बरीचशी झाडाखालीच पडते, शेजारच्या तुकड्यात फार जात नाही.

आधी टेप, मग कीबोर्ड

जंगलात जाऊन घेर मोजा. अभयारण्यात असाल तर वनविभागाची परवानगी आधी काढा. सामूहिक वनहक्काचं जंगल असेल तर ग्रामसभेला विचारा, आणि मोजायला गावातलीच दोन पोरं सोबत घ्या. झाडांची नावं त्यांना तुमच्यापेक्षा चांगली माहीत असतात. 17.84 मीटरची दोरी घेऊन एका खुंटीभोवती वर्तुळ मारलं की बरोबर 0.1 हेक्टर होतं. त्यातल्या प्रत्येक झाडाचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून 1.37 मीटरवर घ्यायचा. उतारावर झाडाच्या वरच्या अंगाला उभं राहून मोजा.

इथे मी स्वतः तोंडावर पडलोय. टेपवर घेर दिसतो आणि मॉडेलला व्यास लागतो. 60 सेंटीमीटर घेराचा साग म्हणजे 19 सेंटीमीटर व्यास. मी पहिल्यांदा घेरच व्यासाच्या रकान्यात भरला. बुंध्यांचं छेद-क्षेत्रफळ दहापट झालं, संगणकाला वाटलं जंगल खच्चून भरलंय आणि त्याने एकही नवं रोप उगवू दिलं नाही. दोन दिवस मी प्रोग्राममधली चूक शोधत होतो. म्हणून 3.14 ने भागायचं सूत्र आधी लिहा.

प्रत्येक जातीचे तीन मोठे आकडे

पंचवीस जाती घेऊन बसू नका. साग, अंजन, सालई, धावडा, मोह आणि टेंभुर्णी एवढ्यावर सुरुवात होते. प्रत्येकीचे तीन आकडे हवेत: जास्तीत जास्त व्यास, जास्तीत जास्त उंची आणि जास्तीत जास्त वय.

पहिले दोन शोधायला वापरातलं जंगल कामाचं नाही, तिथली मोठी झाडं केव्हाच गेलेली असतात. देवाच्या जागेभोवतीची जुनी झाडं मोजा, तीही पाड्यावरच्या कारभाऱ्याला आणि पुजाऱ्याला विचारून. वयाची अडचण मोठी, पण सागाच्या बाबतीत नशीब बरं आहे. सागाच्या खोडात वर्षाला एक कडं पडतं. तुटलेला जुना बुंधा सापडला तर वरचा पृष्ठभाग घासून कडी मोजता येतात. केंद्रापासून दर दहा कड्यांवर पेन्सिलने खूण करा, म्हणजे वाढीचा वेगही हाती येतो. बाकीच्या जातींसाठी गावातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी आणि वनविभागाच्या जुन्या कार्य आयोजना यांवर भागवावं लागतं. लागवडीच्या सागाची उत्पादन-कोष्टकं मात्र नैसर्गिक जंगलाला लावू नका. नांगरलेल्या, निंदलेल्या जमिनीतला तो साग वेगळा असतो.

आता एक उदाहरण करू. समजा तुमच्या सागाचा कमाल व्यास 80 सेंटीमीटर, उंची 2000 सेंटीमीटर आणि वय 200 वर्षं. हे आकडे हिशेब दाखवण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही मोजून घाला. जाबोवात उंचीचं सूत्र असं: उंची = 137 + ख × व्यास − ग × व्यासाचा वर्ग. ते 137 म्हणजे आपली छातीची उंचीच. ख काढायला कमाल उंचीतून 137 वजा करून दुप्पट करा आणि कमाल व्यासाने भागा, 46.6 येतात. ग म्हणजे तीच वजाबाकी भागिले कमाल व्यासाचा वर्ग, 0.291. ताळा करून बघा: 20 सेंटीमीटर व्यासाला उंची साडेनऊ मीटर येते. जंगलात जाऊन त्या जाडीच्या सागाकडे वर बघा. पटत नसेल तर कमाल उंची चुकली आहे.

वाढीचा वेग ठरवणारा आकडा थेट मोजता येत नाही. त्यासाठी जुनी युक्ती अशी की मोकळ्यावरचं, कशाचीच कमी नसलेलं झाड अर्ध्या आयुष्यात कमाल व्यासाचा दोन तृतीयांश भाग गाठतं असं धरायचं. आपल्या सागाने शंभराव्या वर्षी 53 सेंटीमीटर व्हावं. जाबोवाच्या वाढीच्या सूत्रात वेगाचा आकडा कमी-जास्त करत गेलं तर तो 90 च्या आसपास बसतो आणि भर वयात वर्षाला सुमारे 0.6 सेंटीमीटर व्यास वाढतो. प्रत्यक्षात सावली आणि कोरड यातला बराच भाग खाते, म्हणून हा आकडा मुद्दाम ऐपतीचाच ठेवायचा.

मृत्यूचा दर सोपा आहे: 4 भागिले कमाल वय. 200 वर्षांच्या झाडाला दरसाल 0.02, म्हणजे शंभरात दोन. या दराने शंभरातली जेमतेम दोन झाडं कमाल वय गाठतात. जे झाड जवळजवळ वाढतच नाही त्याला मूळ मॉडेल 0.368 ही जादा जोखीम लावतं, म्हणजे अशा अवस्थेत दहा वर्षं काढणारं शंभरात एखादंच. सालईसारखी चिवट झाडं खडकावर कशी तग धरतात ते पाहिलं असेल, तर हा आकडा आपल्याकडे कमी करावासा वाटतो. मी करतो.

सावलीसाठी पानांच्या प्रत्येक थरागणिक उजेड किती घटतो त्याचा गुणांक 0.5 धरा. वर पानांचे तीन थर असतील तर खाली e^(−0.5 × 3), म्हणजे 22 टक्के उजेड पोचतो. सागाला सावली न सोसणाऱ्यांत टाका.

खरी मेख पाण्यात

मूळ मॉडेलमध्ये वाढीला लगाम घालते थंडी. वर्षभरातली उष्णता मोजून झाडाला गुण मिळतात. जळगावचा मे 45 अंश ओलांडतो. उष्णतेची मूळ मर्यादा तशीच ठेवली तर आपली उष्णता तिच्या वरच्या टोकाबाहेर जाते आणि वाढ शून्य होते. मर्यादा वाढवली तर सगळ्या जातींना पैकीच्या पैकी मार्क, मग फरक कसला उरणार? तो घटक काढून टाका आणि त्याच्या जागी कोरडीचा घटक बसवा.

जमीन म्हणजे एक रांजण समजा. पाऊस आत, बाष्पीभवन बाहेर, जास्तीचं वाहून जातं. रांजणाचा आकार मातीवरून ठरतो. चिकणमातीत मीटरमागे साधारण 150 मिलिमीटर उपयोगी पाणी धरा. उतारावर 40 सेंटीमीटर माती असेल तर 60 मिलिमीटर, आणि त्यात 40 टक्के दगड-मुरूम असेल तर उरले 36. रोज 4 मिलिमीटर खर्च झाला तर पावसाने नऊ दिवस ताण दिला की रांजण कोरडा. नाल्याकाठी दीड मीटर काळी माती असेल तर तोच ताण झाडाला कळतही नाही. म्हणून एकाच डोंगरासाठी निदान दोन रांजण ठेवा, एक टेकाडाचा आणि एक नाल्याचा.

पावसाची सरासरी टाकू नका. सरासरी पावसात दुष्काळ नसतो, त्यामुळे दुष्काळाने मरणारं झाडही नसतं. महारेन या कृषी विभागाच्या संकेतस्थळावर मंडळनिहाय रोजचा पाऊस मिळतो, तो घ्या. जुनी नोंद मिळाली तर 1972 सारखी वर्षंही यादीत येऊ द्या. मॉडेलला दरवर्षी त्या यादीतलं एक अख्खं वर्ष चिठ्ठी काढल्यासारखं उचलू द्या.

मग रांजण जवळजवळ रिकामा असलेले दिवस मोजा आणि एकूण दिवसांशी त्यांचं प्रमाण काढा. हे दिवस फक्त झाडाला पानं असतानाचे मोजायचे. मी आधी वर्षभराचे मोजले आणि बाराव्या वर्षी संगणकातलं सगळं जंगल वाळून गेलं. साग उन्हाळ्यात निष्पर्ण उभा असतो तेव्हा त्याला पाण्याची तेवढी गरजच नसते. जून ते ऑक्टोबर पुरे. जातीची सहनशक्ती 0.6 आणि कोरड्या दिवसांचं प्रमाण 0.3 असेल, तर 1 − 0.3/0.6 चं वर्गमूळ, म्हणजे 0.71, हा त्या वर्षीचा वाढीचा गुणक. अंजनाला आणि सालईला सहनशक्ती जास्त द्या.

आग, कुऱ्हाड आणि गुरं

यातलं काहीच घातलं नाही तर संगणकात साताठ दशकांत घनदाट जंगल होतं. बघायला छान वाटतं, पण ते सातपुड्याचं नव्हे.

आग वर्षाच्या शक्यतेने घाला. चार वर्षांतून एकदा लागत असेल तर 0.25. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, तिथे शक्यता वाढवा. आगीत रोप वरून जळतं पण मूळ जगतं, हे मॉडेलला वेगळं सांगावं लागतं. मूळ मॉडेलमध्ये पुनरुत्पादनाचा भर रोपांवर आहे, आपल्याकडे साग आणि पळस तोडल्यावर बुंध्यातून फुटतात. त्या फुटव्याला आयतं मूळ मिळालेलं असतं, म्हणून पहिली काही वर्षं तो रोपाच्या पुढे धावतो. प्रत्येक जातीला फुटण्याची शक्यता द्या आणि फार जाड बुंध्यासाठी ती कमी करा. चराईसाठी कोवळ्या रोपांचा जगण्याचा दर खाली आणा, अंजनासाठी जास्त, कारण त्याचा पाला गुरांना आवडतो.

आता चालवा. एका धावेवर विश्वास ठेवू नका, दोनशे तुकड्यांची सरासरी आणि पसारा दोन्ही पाहा. मग एकेक पॅरामीटर 10 टक्क्यांनी वर-खाली करा. ज्याने निकाल हलत नाही त्याच्यामागे वेळ घालवू नका, ज्याने हलतो तो पुन्हा जंगलात जाऊन मोजा. माझ्याकडे दर वेळी मातीची खोली आणि आगीची शक्यता हे दोनच वर येतात. प्रत्येक आकड्यासमोर एक रकाना ठेवा: मोजला, विचारला की अंदाज.

मोजलेल्या झाडांवर 1.37 मीटरला रंगाचा पट्टा ओढून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी टेप त्याच जागी बसेल. पुन्हा मोजायला दिवाळीनंतर जा आणि दरवर्षी त्याच पंधरवड्यात जा. उन्हाळ्यात बुंधा पाण्याअभावी थोडा आकसतो, आणि मे महिन्यात मोजलेला साग कागदावर मागच्या वर्षीपेक्षा बारीक निघू शकतो.