धण्या-संत्र्याची बिअर चाखायची कशी

मसाल्याची क्राफ्ट बिअर समोर आली की आपल्याकडे पहिल्या घोटालाच "दालचिनी आहे का रे यात?" सुरू होतं. नाव ओळखायची एवढी घाई नको. आधी ठरवा की येतोय तो वास खरंच मसाल्याचा आहे की यीस्टचा, म्हणजे बिअर आंबवणाऱ्या सूक्ष्म बुरशीचा, कारण बहुतेक जण इथेच फसतात.

सुरुवात बेल्जियन विटबिअरने करा. ही ढगाळ, फिकट, गव्हाची बिअर, त्यात धणे आणि कडू संत्र्याची साल घालतात. बेल्जियममधल्या होगार्डन गावातली या प्रकारची शेवटची ब्रुअरी १९५७ मध्ये बंद पडली होती, मग साठच्या दशकात पिएर सेलिस नावाच्या तिथल्याच दूधवाल्याने ती बिअर परत बनवायला घेतली. आज गावाच्या नावाची ती बाटली आपल्याकडेही मिळते, आणि नाहीच मिळाली तर मायक्रोब्रुअरीत (जिथे बिअर जागेवरच बनवतात) विटबिअर विचारा, बऱ्याच ठिकाणी असते. (वय २१ पूर्ण असेल तर, आणि गाडी दुसऱ्याने चालवायची.)

आता मसाल्याचा डबा काढा. चिमूटभर धणे खलबत्त्यात जरासे ठेचा, भाजू मात्र नका, भाजलं की वास पार बदलतो. एका वाटीत ते, दुसरीत संत्र्याची ताजी साल पिळून, तिसरीत एक लवंग. तिन्ही आधी हुंगून ठेवा. कच्च्या धण्यात लिंबाच्या जवळ जाणारा, थोडा फुलांसारखा वास असतो, तो लिनालूलमुळे, आणि तेच द्रव्य लॅव्हेंडरमध्येही असतं. रोज भाजीत धणे-जिरे पूड घालणाऱ्यांनाही हे पटकन लक्षात येत नाही कारण आपण धणे कच्चे कधी हुंगतच नाही.

ग्लास साबणाचा वास न येणारा, साध्या पाण्याने विसळलेला. फ्रीजरमधला बर्फ धरलेला ग्लास अजिबात नको, गार ग्लासात वास दबून जातो. बाटली फ्रीजमधून काढून पाच-दहा मिनिटं थांबा, तीन चतुर्थांश ओता, मग उरलेली बिअर बाटलीतच हलके गोल फिरवून खालच्या गाळासकट वर ओता. ढगाळ दिसली तर खराब झाली असं समजू नका, ती तशीच असते.

हुंगताना एक लांब श्वास नको, दोन-तीन छोटे छोटे घ्या आणि मध्ये वाट्यांकडे परत जा. लवंगेसारखं काही येतंय? बहुतेक वेळा त्यात लवंग नसतेच. हेफेवायझन या जर्मन गव्हाच्या बिअरमध्ये तर लवंगही नाही आणि केळंही नाही, तरी दोन्हींचा वास येतो, तो सगळा यीस्टचा उद्योग. धणे आणि साल ओळखू आले पण कुणीच ओरडत नाहीये, ही मला चांगली विटबिअर वाटते. उलट सेलरीसारखा किंवा चक्क हॅमसारखा वास आला तर धण्यांचं गणित बिघडलंय, बहुतेक जास्त पडलेत.

घोट छोटा घ्या, तोंडात फिरवा आणि गिळा, वाइनवाल्यांसारखं थुंकायचं नाही, कारण कडवटपणा आणि मागे राहणारी चव गिळल्यावर जास्त नीट कळते. गिळल्यावर तोंड बंद ठेवून नाकाने श्वास सोडा, सालीचा वास तेव्हा वर येतो. अर्धा ग्लास तसाच ठेवून थोडी कोमट झाल्यावर परत चाखा, लपलेलं सगळं तेव्हा बाहेर पडतं, चांगलंही आणि वाईटही.

काठावर लिंबाची फोड लावून देतात ना, ती मी आधी काढून ठेवते. तिने फेसही बसतो आणि धण्यांचा वासही झाकला जातो, मग चाखायचं काय, लिंबू?

सोबत मिसळ, शेजवान काही नको, तिखटाने जीभ आधीच पेटलेली असते आणि त्यावर बिअरचा गॅस अजून झोंबतो. साधा पाव आणि पाणी बास.

हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी एका वेलीची फुलं) सर्रास वापरात येण्याआधी युरोपात ग्रुइट नावाचं रानटी वनस्पतींचं मिश्रण बिअरला कडवटपणा द्यायचं, तशा बिअरही काहीजण आता परत बनवतात. त्या विटबिअरनंतर घ्या. आलं किंवा मिरी घातलेली असेल तर ती सगळ्यात शेवटी, कारण तिचा जाळ उशिरा, घशात कळतो आणि नंतर बराच वेळ दुसरं काही लागत नाही.