टाकीतल्या माशांची मारामारी : या चुका टाळा

एंजल माशाच्या पोटाखालचे दोरीसारखे लांब पर एका रात्रीत निम्मे झालेले दिसले, तर टाकीतले कोणीतरी ते कुरतडत आहे असे समजावे. माझ्या दोन फुटी टाकीत हे काम तीन टायगर बार्बनी केले होते. दुकानदाराने तीन पुरेत असे सांगितले आणि मीही काही न विचारता ते घरी आणले.

ही पहिली आणि सर्वांत जास्त आढळणारी चूक. टायगर बार्ब हा थव्याने राहणारा मासा आहे. थव्यात ते दिवसभर एकमेकांचा पाठलाग करत वरचढ कोण ते ठरवत राहतात आणि त्यात सहसा कोणाला इजा होत नाही. पण थवाच नसला, की तीच खोड शेजाऱ्यांच्या परांवर निघते. म्हणून ते किमान आठ-दहा ठेवावेत, आणि त्यासाठी साधारण 55 लिटरची दोन फुटी टाकी अपुरी पडते, तीन फुटी लागते. एवढे करूनही एंजल, गप्पी किंवा फायटर यांसारखे संथ, लांब परांचे मासे त्यांच्या सोबतीला ठेवूच नयेत. दोन नर फायटर तर कितीही मोठ्या टाकीत एकत्र सोडू नयेत.

दुसरी चूक दयेपोटी होते. मार खाणारा मासा आपण बाहेर काढतो आणि चार दिवसांत दांडगाईखोर दुसऱ्याच्या मागे लागतो. जखम मोठी असेल तर जखमी माशाला वेगळे ठेवावेच लागते, परंतु मुळावर उपाय करायचा तर दांडगाई करणाऱ्याला आठवडाभर दुसऱ्या टाकीत ठेवावे आणि त्या काळात दगड, लाकूड, झाडे यांची मांडणी पूर्ण बदलावी. रेड टेल शार्कसारखा मासा एखादी कपार आपली मानून राखत असतो; परत आल्यावर ती जागाच ओळखीची उरली नाही, तर त्याला इतरांबरोबर नव्याने सुरुवात करावी लागते. मांडणी करताना एका टोकापासून दुसरे टोक सरळ दिसू नये, कारण पळणारा मासा नजरेआड झाला की पाठलाग बहुधा तिथेच थांबतो. नवे मासेसुद्धा अशा बदललेल्या मांडणीत, जुन्यांना खाऊ घालून आणि दिवा बंद करून सोडावेत.

एंजलची जोडी अचानक सर्वांना कोपऱ्यात रेटू लागली, तर आधी रुंद पानांवर, फिल्टरच्या नळीवर आणि काचेवर अंडी आहेत का ते पाहावे. ते राखणदारीचे वागणे आहे. टाकीच्या मधोमध जाळी लावून दिली की भागते.

पर झिजणे म्हणजे चावाच, असेही धरून चालू नये. चाव्याने पराचा तुकडा स्वच्छ तुटलेला दिसतो, तर परकुजीत, म्हणजे पर कुजण्याच्या रोगात, कड पांढुरकी आणि चिंध्यांसारखी होते. दोन्हींत पहिला उपचार स्वच्छ पाण्याचाच असतो : दोन-तीन दिवसांआड पाव भाग पाणी बदलावे आणि नळाचे पाणी क्लोरीन घालवूनच वापरावे.

माझे बार्ब एका मित्राच्या तीन फुटी टाकीतल्या थव्यात गेले. एंजलचे पर मुळाशी शाबूत असल्याने दोन महिन्यांत पुन्हा लांब झाले. डावा मात्र टोकाशी किंचित वाकडा आला आहे.